एक कोयता म्हणजे दोन माणसं

नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची दृश्यं देशभर पाहिली गेली. शेताला निघालेल्या बाया-माणसांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे होते. मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसाच पट्टा, खिळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला. बिबट्याने मान धरलीच तर त्याच्याच जबड्यात खिळे घुसावेत, एवढा साधा हिशेब. त्याआधीच्या काही आठवड्यांत तिथे बिबट्याने माणसं मारली होती, त्यांत लहान मुलंही होती. पिंपरखेड जुन्नर वनविभागात येतं. उसाचा आणि बिबट्याचा हाच मुलूख पुढे कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकपर्यंत आणि तिथून आंबेगावात पसरला आहे. कुत्र्याचं चिलखत माणसाच्या मानेवर चढलेलं पाहून पोटात जे ढवळलं, त्या भावनेवर सिनेमाचा एक अख्खा प्रकार उभा आहे. त्याला बॉडी हॉरर म्हणतात. त्यात भूत बाहेरून येत नाही. माणसाचं स्वतःचं शरीर बदलू लागतं, सडतं, त्याला नको ते फुटतं, ते दुसऱ्याच्या मालकीचं होतं. स्वतंत्रपणे, थोड्या पैशांत लघुपट करणाऱ्यांनी हा प्रकार जवळ केला. मेणाचं एक बोट, चिकणमातीचा एक चेहरा आणि दहा मिनिटं एवढ्या भांडवलावर त्यांना समाजाबद्दल काही सांगता येतं आणि बदललेलं शरीर हे त्या सांगण्याचं रूपक होतं. पण जिथे पट्टा खरोखरच गळ्यात आहे, तिथे शरीराची रूपकं कशाला रचायची? हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. त्याच्या दोन्ही बाजू पुऱ्या ताकदीने मांडल्या जाव्यात म्हणून मी दोन कल्पित माणसं बोरी बुद्रुकच्या नदीकाठी बसवतो: गावातले निवृत्त गुरुजी आणि त्यांच्याच हाताखाली शिकून पुढे पुण्यात सिनेमा शिकलेली एक मुलगी. तिला ऊसतोडीवर बॉडी हॉररचा लघुपट करायचा आहे.

गुरुजी : पोरी, तुझी मेहनत मला दिसते, पण हे रूपक मला पटत नाही. रूपक म्हणजे एका गोष्टीचं बोट धरून दुसऱ्याच गोष्टीकडे जाणं. ज्या घरातलं लेकरू उसाच्या कडेवरून गेलं, त्या घरात जाऊन सांग बरं की तुझ्या सिनेमातला बिबट्या म्हणजे बाजार आहे. त्यांच्यासाठी बिबट्या हा बिबट्याच आहे. आणि या भागात जे काही बदललं ते रूपकाने बदललेलं नाही. पूर्वी जुन्नरचे बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलांत सोडत. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि दाखवून दिलं की असं सोडल्याने हल्ले कमी होत नाहीत, उलट नव्या जागी वाढतात. 2011 मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांमागे असा अभ्यास होता. ऊसतोडीचंही तेच. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. या आकड्याला आणखी कसली शिंगं लावणार आहेस तू? ही समोरची दरड बघ. तिच्यात ज्वालामुखीची राख आहे. सुमात्रातल्या टोबाची, तीन हजार किलोमीटरांहून लांबची. ती राख कशाचंही प्रतीक नाही. ती पडली आणि राहिली. आपल्या गावाचं नाव शास्त्रज्ञांच्या पुस्तकांत आहे ते या पडून राहिलेल्या पुराव्यामुळे.

दिग्दर्शिका : राखेचंच धरू, गुरुजी. ती पडली हे खरं, पण ती आपणहून बोलली नाही. डेक्कन कॉलेजची पुरातत्त्वाची माणसं येईपर्यंत ती गावाला पांढरट मातीच होती. तिच्याबरोबर दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या, मग वाद सुरू झाला. कुणी राखेचं वय चौदा लाख वर्षं काढलं, कुणी पावणेसात लाख, कुणी पंचाहत्तर हजार. राखेतले काचेचे कण टोबाच्या कणांशी ताडून पाहिले तेव्हा कुठे तिचं मूळ गाव कळलं. पुरावा होताच, तो वाचायला मात्र दुसरी कसलीतरी गोष्ट शेजारी ठेवावी लागली. मी तेवढंच करू पाहते आहे. 13,861 हा आकडा पुरावाच आहे आणि तो ज्यांनी मिळवला त्यांचं ऋण मोठं आहे. पण हा आकडा वाचून आपण काय केलं? वाचला, हळहळलो, पान उलटलं. आकडा डोक्यात शिरतो, अंगात शिरत नाही. त्या बायका ‘गर्भाशय काढलं’ असं म्हणतही नाहीत, ‘पिशवी काढली’ म्हणतात. मोळी टाकावी तशी पिशवी. तो शब्द माझ्या अंगात शिरला. तो बघणाऱ्याच्या अंगात कसा शिरेल, एवढाच माझा प्रश्न आहे.

इथे मला मध्ये बोलायचं आहे, कारण शब्दाचा मुद्दा निघाला आहे आणि या साऱ्या वादाचं बी त्यातच आहे. ऊसतोडीत मजूर मोजण्याचं एकक ‘कोयता’ आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, टोळीत किती माणसं असं विचारत नाहीत, किती कोयते असं विचारतात, आणि एखाद्या दिवशी बाईला उठवलं नाही तर खाडा लागतो तोही कोयत्यालाच. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, पहाटेच्या अंधारात फडात जाताना आणि रात्री मोळ्या भरताना अडचण राहू नये, उचल फिटावी, या हिशेबात पिशवी काढण्याचा निर्णय होतो. त्यात डॉक्टरांनी घातलेली कर्करोगाची भीती मिसळली की तो लवकर होतो. आता हे शब्द एका रांगेत ठेवून पाहावेत. दोन जिवंत शरीरं मिळून एक लोखंडी पातं. शरीरातला एक अवयव म्हणजे पिशवी. शरीराला विसावा लागला तर तो खाडा. शिन्या त्सुकामोतोने 1989 मध्ये ‘तेत्सुओ’ हा काळा-पांढरा चित्रपट अगदी तुटपुंज्या साधनांत केला. त्यात साध्या नोकरदाराच्या अंगातून लोखंड उगवू लागतं आणि बघता बघता तो भंगाराचा ढीग होतो. जपानच्या कारखानदारीबद्दल बोलायला त्याला रंगभूषेचे थर चढवावे लागले. आमच्या मुलखात ते रूपांतर बोलीभाषेने आधीच करून ठेवलं आहे आणि कुणीही दचकलेलं नाही. म्हणून रूपक वास्तवावर वरून लादलं जातं, हा गुरुजींचा गृहीत धरलेला मुद्दा मला मान्य नाही. रूपक व्यवहारातच रुजलेलं आहे. मुकादमाची वही हीच पहिली रूपककथा आहे. जो सिनेमा ते रूपक शब्दशः घेऊन पडद्यावर आणतो, तो खोटं रचत नाही. वहीने जे लपवलं ते तो उघडं करतो.

गुरुजी : शब्दात इतकी ताकद असेल तर शब्दच ऐकव. एखाद्या बाईला कॅमेऱ्यासमोर बसव आणि बोलू दे. तिच्या हाताचं पातं करून दाखवण्याची गरज काय? किळस ही स्वस्त गोष्ट आहे, पोरी. रक्त, पू, सडलेलं मांस दाखवलं की कुणीही तोंड फिरवतो, त्यासाठी कलावंत असावं लागत नाही. मराठीला ही सवयही नाही. आपल्याकडे दुःख सांगायची रीत वेगळी आहे.

दिग्दर्शिका : रीत आहे, गुरुजी, आणि ती अण्णा भाऊ साठ्यांची आहे. ‘स्मशानातील सोनं’ तुम्हीच आम्हाला वर्गात समजावून सांगितली होती. भीमा वारणाकाठचा, पैलवान गडी. मुंबईत येऊन खाणीत लागतो, डोंगर फोडतो, आणि एक दिवस खाण बंद पडते. पुढे मसणवट्यातल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते. तेव्हापासून तो राख चाळतो, मग पुरलेली प्रेतं उकरतो. एका रात्री तो सावकाराच्या प्रेतावर तुटून पडतो, भोवती कोल्हे, त्यांच्याशीही झुंजतो. पहारीने जबडा उघडून आतलं सोनं काढतो आणि त्याच जबड्यात त्याची बोटं अडकतात. जितकं झोडपतो तितका जबडा आवळतो. शेवटी डॉक्टर त्याची दोन बोटं तोडतो आणि त्याच दिवशी खबर येते की खाण पुन्हा सुरू होते आहे. डोंगर फोडणारी बोटंच गेली म्हणून तो लहान पोरासारखा रडतो. याहून पक्कं बॉडी हॉरर मला जगातल्या कुठल्या लघुपटात दाखवाल? प्रेताचा वास आहे, तुटलेली बोटं आहेत, जबड्याची पकड आहे. भूत कुठेच नाही. मेलेल्या सावकाराने जित्या मजुराचा हात धरून ठेवला आहे. एवढं सांगायला अण्णा भाऊंना व्याजाचा दर सांगावा लागला नाही.

ही कथा गुरुजींच्या दोन्ही आक्षेपांना एकदम भिडते, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत आणि त्यांतल्या चार मुळांपासून दुसरे चार निघतात असं सांगितलं आहे. शृंगारातून हास्य, रौद्रातून करुण, वीरातून अद्भुत आणि बीभत्सातून भयानक. म्हणजे किळस आली की पुढची पायरी भीतीची. व्यापारी भयपट आजही याच पायरीवर उभे असतात. अण्णा भाऊंच्या कथेत मात्र बीभत्सातून करुण निघतो, तोही शेवटच्या एका खबरीने. खाण सुरू होते आहे ही बातमी नसती, तर बोटं जाणं हा लोभाला मिळालेला दंड ठरला असता आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटता. ती बातमी आल्यावर सगळं उलटं होतं. भीमाला लोभ नव्हता, काम नव्हतं. काम बंद करणाऱ्याने त्याला स्मशानात पाठवलं आणि काम सुरू करणाऱ्याने त्याची बोटं कामी न येण्याची वेळ नेमकी निवडली. कुणी ठरवून निवडली असं नव्हे, पण मजुराच्या शरीराला तसंच भासतं. किळस स्वस्त असते हे गुरुजींचं म्हणणं अर्धं खरं आहे. पहिली किळस स्वस्त असते. तिच्यानंतर लेखक वाचकाला कुठे नेतो, तिथे किंमत मोजावी लागते. आणि बाईला कॅमेऱ्यासमोर बोलू द्यावं, ही सूचना मी नाकारत नाही. तसे माहितीपट हवेतच. पण तिथे सांगण्याचा सगळा भार पुन्हा तिच्यावर पडतो. एकदा शरीर दिलं, आता दुःखही तिनेच उभं करून दाखवायचं. कल्पित शरीर तिच्यावरचा तेवढा भार तरी उचलतं.

गुरुजी : मग माझा खरा आक्षेप ऐक, तो मी मागे ठेवला होता. वाकड्या शरीराला भिण्याची आपल्या समाजाला शिकवण लागत नाही. अंगावर कोड आलेल्या मुलीचं लग्न मोडतं. महारोग झालेल्याला गावाबाहेर काढायचे, त्याच्या हाताचं पाणी चालायचं नाही, बोटं झडली की लोक म्हणायचे मागच्या जन्माचं पाप. म्हणजे शरीराकडे बघून रूपक वाचायची खोड आपल्याला जुनीच आहे. झडलेलं बोट म्हणजे पाप, हेही रूपकच होतं की! तू पडद्यावर बाईचं शरीर भेसूर करणार, लोक तिला भिणार, आणि घरी जाऊन शेजारच्या अपंग पोराकडे त्याच नजरेने बघणार. ज्याचं शरीर आधीच बदललेलं आहे, त्याच्या वाटणीला तुझ्या सिनेमात काय येणार?

दिग्दर्शिका : हा आक्षेप मला रात्री झोपू देत नाही, गुरुजी. माझ्यापाशी त्याचं पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे. बाबा आमट्यांनी वरोऱ्यात पहिल्यांदा तुळशीराम पाहिला, पावसात भिजत पडलेला, महारोगाने गळून गेलेला, तेव्हा तेही पळून गेले होते. कुणाला न भिणारा माणूस एका शरीराला भ्याला. नंतर ते त्या भीतीची लाज वाटून परत आले, तुळशीरामला त्यांनी सांभाळलं, आणि पुढे आनंदवन उभं राहिलं. भीती वाटली नसती तर लाजही वाटली नसती. माणूस पळतो तिथे गोष्ट संपली तर तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा. माझा सिनेमा पळालेल्या माणसाला परत आणू शकला पाहिजे.

गुरुजींचा हा आक्षेप या प्रकाराच्या मुळाशी जातो आणि त्याने बरेच चित्रपट तोकडे पडतात, हे कबूल करायला हवं. ‘तुंबाड’सारखी मनापासून केलेली कलाकृतीही यातून पूर्ण सुटत नाही. 2018 मध्ये आलेला राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट नारायण धारपांच्या भयकथेच्या प्रेरणेतून निघाला आणि त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आलं. भाषा हिंदी असली तरी त्याचं सारं रक्त मराठी आहे. त्यातल्या हस्तर या लोभी देवाचा दंश झालेला माणूस मरत नाही, नुसता सडत राहतो. लोभ म्हणजे कधी न मरणारं सडणं, हे रूपक चोख आहे आणि वाड्यात अंगातून झाड फुटलेली म्हातारी विसरता येत नाही. पण त्या म्हातारीच्या सडण्याचा लाभ ज्यांना झाला ते पुरुष देखण्या शरीरांनी वावरत राहतात आणि प्रेक्षकाची भीती बराच वेळ म्हातारीलाच चिकटून राहते. शेवटी नायकाचंही शरीर जातं, तेव्हा हिशेब पुरा होतो. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला अशी उशिरा परतफेड करायला सवड असते. लघुपटाला ती नसते, म्हणून त्याला पहिल्या मिनिटापासून एक प्रश्न सोडवून ठेवावा लागतो: बदल कुणाच्या शरीरात झाला आणि फायदा कुणाच्या घरी गेला? हे दोन्ही एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. नुसतं बदललेलं शरीर दिसलं तर ती जत्रेत तिकीट लावून दाखवलेली बाई झाली. नुसता फायदा दिसला तर ते भाषण झालं. माझ्या दृष्टीने रूपकाचा खरेपणा याच एका कसोटीवर ठरतो, आणि गुरुजींना जो झडलेल्या बोटाचा जुना दाखला आठवला तोही तिच्यावर घासून पाहता येतो. महारोग म्हणजे पाप, हे रूपक खोटं होतं कारण त्यात कारणीभूत हात कुठेच नव्हता. रोग्याच्या शरीरातून सुरू होऊन ते रोग्याच्याच माथ्यावर येऊन थांबत होतं.

ही कसोटी लावली की जगातले चांगले लघुपट आपोआप वेगळे निघतात. यान श्वांकमायर या चेक दिग्दर्शकाचा 1992 चा ‘अन्न’ घ्या. त्याच्या पहिल्या भागात एक माणूस नाश्त्याला येतो. समोर दुसरा माणूस बसला आहे, त्याच्या अंगात पैसे टाकायचे, त्याला ठोसे मारायचे, की त्यातून खाणं बाहेर येतं. खाऊन झालं की खाणारा आखडतो आणि स्वतःच यंत्र होऊन बसतो, मग रांगेतला पुढचा माणूस येतो. संवाद नाही, कुणी खलनायक नाही. पण बदललेलं शरीर आणि त्याचा फायदा घेणारा समोरासमोर बसले आहेत, आणि दोघांची जागा बदलायला क्षणही लागत नाही. ज्युलिया दुकुर्नोचा 2011 चा ‘ज्युनियर’ वेगळ्या वाटेने जातो. वयात येणाऱ्या मुलीची कात गळू लागते, चिकट स्राव येतात, सगळं ओंगळ वाटतं. पण ओंगळपणा तिच्या शरीराचा नसतो, तिला ज्या साच्यात बसवलं जातं आहे त्याचा असतो. घाण दाखवूनही मुलीची अप्रतिष्ठा होत नाही. याच बाईंना दहा वर्षांनी कान महोत्सवात ‘तितान’साठी सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि त्या चित्रपटाची बीजं या लहानशा चित्रात आधीच पडलेली दिसतात.

गुरुजी : कान, पॅरिस… तिथेच माझं मन अडतं. तुझा सिनेमा तिथे जाईल, टाळ्या पडतील. म्हणजे आधी मुकादमाने मोजलं, आता परीक्षक मोजणार. नारायणगाव इथून किती लांब आहे? विठाबाईंची गोष्ट आख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. पोटुशी असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा उभ्या राहिल्या. लोक ही गोष्ट अभिमानाने सांगतात. मला ती ऐकताना शिसारी येते, आणि शिसारी त्यांची नाही, ऐकणाऱ्या आपली येते. राष्ट्रपतींकडून सन्मान मिळालेल्या कलावंत बाईचं बाळंतपणही आपण करमणुकीत जमा केलं. तू त्याच रांगेत आणखी एक बाई उभी करणार नाहीस कशावरून?

दिग्दर्शिका : तुम्ही आत्ता जे केलंत तेच मला करायचं आहे, गुरुजी! गोष्ट तीच आहे. लोक नाळेकडे बघतात, तुम्ही बघणाऱ्यांकडे पाहिलंत. आणि त्याच गोष्टीत हेही सांगतात की काय घडलं ते कळल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला. म्हणजे ज्याने शिट्टी मारली तोच थांबवूही शकला. मला तो क्षण हवा आहे, शिट्टी आणि थांबणं यांच्यामधला. तो दोन तासांच्या चित्रपटात मिळत नाही, कारण दोन तासांत माणूस पात्रांत रमतो, गाणं येतं, सुटका होते. म्हणून मला आठ मिनिटं पुरेत. राही बर्वे यांनी ‘तुंबाड’च्या दहा वर्षं आधी, 2008 मध्ये ‘मांजा’ केला. काळा-पांढरा, मराठी, चाळीस मिनिटांच्या आसपासचा. रस्त्यावरची दोन भावंडं, लहान बहिणीवरचा अत्याचार, आणि हत्यार कुठलं, तर काच लावलेला पतंगाचा दोरा. डॅनी बॉइलने तो पाहून आपल्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ब्लू-रेमध्ये घालायला लावला. पण मला त्यातला दोरा महत्त्वाचा वाटतो. पोराच्या खेळातली वस्तू, ज्या बोटांनी ती ताणायची त्याच बोटांना कापणारी. आमच्याकडे कोयता तसाच आहे. पोट भरणारा आणि माणसालाच आपल्यात ओढून घेणारा.

या टप्प्यावर दोघांमधलं अंतर जिथे होतं तिथून सरकलं आहे, असं मला वाटतं. पुरावा पुरेसा असतो हे गुरुजींचं पहिलं म्हणणं आता तसं उरलेलं नाही. विठाबाईंच्या गोष्टीत त्यांनीच पुराव्याच्या पलीकडे, पाहणाऱ्याकडे बोट दाखवलं. आणि आकडा अंगात शिरत नाही म्हणणाऱ्या मुलीला आता केवळ अंगात शिरवून भागणार नाही. कुणाच्या अंगात, हे तिला ठरवावं लागेल. जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न मोघम राहू शकत नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांचं पाणी आलं, त्या पाण्यावर ऊस आला, उसाच्या गर्दीत बिबट्याला आडोसा मिळाला, आणि तोच ऊस तोडायला दरवर्षी बीड-नगरकडच्या टोळ्या येऊन कोप्या घालून राहतात. फड तोडताना बिबट्याची पिल्लं सापडली की गावातली माणसं लांबून बघतात, आणि पाचटात पिल्लांच्या सगळ्यात जवळ असते ती तोडणारी बाई. गळ्यातला पट्टा आणि हातातला कोयता एकाच शेतातून निघाले आहेत. पट्टा जमीनवाल्याच्या गळ्यात दिसला म्हणून देशाने पाहिला. कोयता होऊन गेलेली बाई त्याच बांधावरून इतकी वर्षं जाते-येते आहे.

गुरुजी : ठीक आहे. मग सिनेमा झाला की पहिल्यांदा कोप्यांवर दाखव. पडदा बांधायला मी माणसं देतो. त्यांना बघू दे, त्यांना पटलं तर पुढे ने.

दिग्दर्शिका : परवानगी त्यांचीच घेणार, गुरुजी. कथा त्यांना आधी ऐकवणार, त्या ‘नको’ म्हणाल्या तर ते दृश्य काढून टाकणार. पण पहिला खेळ कोप्यांवर नको. दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या बाईला तिच्याच हाताचं लोखंड झालेलं मी का दाखवू? तिला ते ठाऊक आहे. पहिला खेळ मला ऊसवाल्यांसाठी करायचा आहे. कारखान्याच्या सभासदांसाठी, ज्यांच्या फडाला तोड मिळाली त्यांच्यासाठी. आपल्या बोरीत, मंदिरापुढच्या पटांगणात.

गुरुजी : गाव चिडेल.

दिग्दर्शिका : चिडू दे. पिंपरखेडचे पट्टे बघून गाव घाबरलं, ते योग्यच होतं. ही दुसरी भीतीही याच गावाची आहे. तुमच्या रानात ऊस आहे ना, गुरुजी? यंदा तोडीला किती कोयते आले होते?

गुरुजी : बारा.

दिग्दर्शिका : म्हणजे माणसं किती?

गुरुजी : चोवीस. आणि पाचटावर खेळणारी पोरं होती, ती धरली तर… पोरं मी मोजली नव्हती.